तिसरा स्लॉट

अवी, आधी कामाचं सांगते. तू गेलास तेव्हा मागच्या टेबलावर भदौरिया मॅडमचं मशीन उघडं पडलेलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. बाकी तुझ्याबद्दल इतक्या लोकांचं इतकं बोलून झालंय की तू ऐकलं असतंस तर कानात बोटं घातली असतीस. 'किती शांत माणूस होता,' म्हणे. तेराव्याला तीन जण हेच बोलले. मी पानं वाढत होते म्हणून गप्प राहिले. तू शांत नव्हतास, हट्टी होतास. हट्टी माणूस आवाज चढवत नाही, म्हणून लोकांना तो शांत वाटतो, एवढंच.

मला विचार. अकरा वर्षं आपण सिटी सेंटरच्या आतल्या गल्लीत ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं. बहीण पुढे काउंटरवर, भाऊ मागच्या टेबलावर. गिऱ्हाइकांशी मी बोलायचं, डेटा मी वाचवायचा, सॉफ्टवेअर मी घालायचं. पेचकस लावून उघडायचं ते सगळं तुझं. आणि या अकरा वर्षांत आपलं भांडण एकच होतं, रोज तेच, फक्त मशीन वेगळं.

माझं म्हणणं असायचं की संशय येईल ते सगळं बदलून टाक, मशीन चालू झालं की गिऱ्हाइकाच्या हातात दे आणि पुढचं घे. तुझं म्हणणं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायचं, मग दुसरी. चाललं म्हणजे झालं असं नाही, का चालत नव्हतं ते कळलं पाहिजे.

"कळून काय करणार आहेस?" मी विचारायचे. "गिऱ्हाईक 'का' न्यायला येत नाही, मशीन न्यायला येतं."

"ताई, तू थांब जरा. एकेक करून बघून राहिलो ना मी. उगीच दिमाग नको खाऊ."

पुण्याहून आलेल्या मामेबहिणी तुझं हे 'बघून राहिलो' ऐकून हसायच्या, आठवतं? तू त्यांच्यासमोर मुद्दाम जास्त बोलायचास तसं.

मागच्या टेबलावरचं काम तूच मला थोडंथोडं शिकवलंस, आणि शिकताना मी काय काय मोडलं त्याची यादी तुझ्याकडे असणार. पहिल्याच वर्षी मुरारच्या छावणीतल्या एका सुभेदारसाहेबांच्या मशीनमध्ये रॅम बसवताना मी इतका जोर लावला की स्लॉटच्या, म्हणजे पट्टी बसते त्या खाचेच्या, टोकाचा खटका मोडून हातात आला. संध्याकाळी साहेब आले. मी काउंटरवर उभी. तू मागून हात पुसत आलास आणि म्हणालास, "साहब, मेरे हाथ से टूटा है. बदल के दूँगा, दो दिन दीजिए." साहेबांनी तुला पाच मिनिटं फैलावर घेतलं. मी तिथेच उभी होते.

ते गेल्यावर मी म्हटलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"काउंटरवरच्या माणसावर गिऱ्हाइकाचा भरवसा पाहिजे. मागं कोण बसलंय ते कोण बघून राहिलंय?"

तेव्हा मी तुला थँक्यू म्हटलं नाही. आपल्या घरात ती पद्धत नाही. त्या दिवशी तुझ्या डब्यात वांग्याची भाजी होती, तुला न आवडणारी, ती मी खाल्ली आणि माझी बटाट्याची तुला दिली. फिटलं असं मी धरलं होतं. आता वाटतं, नव्हतं फिटलं.

असो. मशीन.

भदौरिया मॅडमचा मुरारला फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम त्या स्वतः कॉम्प्युटरवर बसवतात. नवरात्राच्या पहिल्या आठवड्यात मशीन घेऊन आल्या. "भैया, ये मेरे सामने एकदम सीधा रहता है. दो-चार फोटो खोलो, चुपचाप चलेगा. पूरा एल्बम खोलो कि नीली स्क्रीन, और फिर अपने आप चालू. मेरा भतीजा कहता है वायरस है."

"भतीजा क्या करता है?" तू विचारलंस.

"कुछ नहीं करता. इसीलिए तो कहता है."

तू हसलास आणि लगेच म्हणालास, रॅम. त्यांना समजावलंस ते मी पुढे अनेक गिऱ्हाइकांना सांगितलंय, तुझं नाव न घेता. मशीन जे काम करत असतं ते त्या वेळेपुरतं रॅममध्ये मांडून ठेवतं. यांच्या मशीनमध्ये रॅमच्या चार पट्ट्या, म्हणजे पंगतीत चार पाट मांडलेत असं समजा. जेवायला दोघंच आली तर मोडका पाट कोणता ते कळतच नाही. चौघं बसली की एक जण आपटतो. लहान कामाला मशीन गुणी आणि मोठ्या कामाला कोसळतं ते यामुळे. मॅडम म्हणाल्या, "तो टूटा पाटा बदल दो." तू म्हणालास, "पहले पता तो चले कि चार में से कौन सा."

आणि पता लावलास. चार दिवस घेतलेस, माझं डोकं उठवलंस, पण लावलास. तपासणीचा पेन ड्राइव्ह लावून एकेक पट्टी, पडद्यावर लाल ओळ आली की दोष. तिसरी पट्टी खराब निघाली. तिच्या जागी त्याच वेगाची दुसरी घातलीस, चारही एकत्र लावून परत तपासलंस आणि वहीत लिहिलंस, 'चार फेऱ्या. एकही लाल ओळ नाही. ओके.' ती खंडेनवमीची आदली संध्याकाळ होती.

खंडेनवमी म्हणजे आपल्या घरात गंमतच. पणजोबांची तलवार थोरल्या काकांकडे गेली, आपल्या वाट्याला नुसती पूजा आली. तू म्हणायचास, शिपायाच्या घरात हत्यार बदललं, पूजा कशाला बदलायची? म्हणून दर वर्षी दुकानात ताट मांडायचं. पेचकस, धार गेलेली ती जुनी कैची, डाग द्यायची सोल्डरिंगची बंदूक, ब्रश, आणि तुझी बायको मीनल शिकवते त्या शाळेतून आणलेली ती पांढरी खोडरबरं. पट्टीच्या सोनेरी दातांवरचा मळ तू त्या रबराने काढायचास. तुझ्या बोटांना बारा महिने तोच वास. या वर्षी ताटात तू मॅडमच्या मशीनमधली नवी पट्टी काढून ठेवलीस. म्हणालास, शेवटचा हात रबराने मारायचाच होता, तोवर पूजेला बसू दे, यंदाची लढाई हिच्यावर झाली. मी सगळ्यांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फुलं वाहिली. मागच्या टेबलावर जेवढी मशीनं होती त्यांच्यावरही टाकल्या. नारळ तू फोडलास. शिरा मी केलेला होता, तू तीनदा घेतलास. शेजारच्या मोबाइलच्या दुकानातले राठौरजीसुद्धा येऊन खाऊन गेले. तो दिवस चांगला होता.

दसऱ्याची सुट्टी झाली. मशीन मॅडमना द्यायचं म्हणून तू अल्बम उघडून दाखवायला गेलास आणि निळा पडदा.

तुझा चेहरा मला दिसला. तू झाकण परत काढलंस. आणि मी, काउंटरवरूनच, गिऱ्हाईक उभं असताना म्हटलं, "घ्या. चार दिवस लावून हे मिळालं."

पुढचे आठ दिवस मला विसरता येणार नाहीत, आणि मी विसरायचा प्रयत्नही करत नाहीये. तू सगळं पहिल्यापासून सुरू केलंस. एकेक पट्टी एकटी लावलीस तर पास. चौघी एकत्र लावल्या की आपटायचं. दुसऱ्या गिऱ्हाइकांची मशीनं दारात साचायला लागली. मी रोज टोचत होते. शुक्रवारी मी जरा जास्तच बोलले. "तुझ्या या एकेक करण्यात दुकान बसेल एक दिवस," असं म्हटलं. नेहमी तू उलट काहीतरी बोलायचास.  त्या दिवशी रबर हातात घेऊन बसलास आणि विचारलंस,

"ताई, माझ्या हाताला आता कळेनासं झालंय का गं?"

मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर बदलून घे."

रविवारी तू गेलास.

माझं ते चष्म्याचं वाक्य मी दहा जणांना सांगितलं असेल, मीनलला सोडून. तिला सांगायचा धीर झाला नाही. तुला आता सांगते आहे ते माफी मागायला नाही. आपण एकमेकांची माफी कधी मागितली नाही, आता कुठे सुरू करायची. नोंद राहावी म्हणून सांगते. तू नोंदीचा माणूस होतास.

तेरावं झाल्यावर मीनलने मला आत बोलावलं. दुकानाची किल्ली तिने टेबलावर आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

"ताई, राठौरजी विचारत होते. त्यांना दुकान वाढवायचंय. लगेच घेतील."

"तुला काय वाटतं?"

"मला बंद व्हायला नकोय. पण खरं सांगू? तुम्ही काउंटर सांभाळता. मागचं टेबल कोण सांभाळणार? तिथंच तर दुकान होतं."

बोलणं लागलं, पण चूक नव्हतं. तुझी बायको मोजकंच बोलते आणि बरोबर ठिकाणी बोलते. शाळेत मुलं तिला टरकून असतात ते उगीच नाही.

"मी बसेन मागच्या टेबलावर," मी म्हटलं.

"येतं तुम्हाला?"

"माहीत नाही. एक मशीन पडलंय, अवीनं अर्धवट सोडलेलं. त्या बाईंना गुरुवारी पाहिजे. ते झालं तर किल्ली माझ्याकडे. नाही झालं तर शुक्रवारी तू राठौरजींना दे, मी एक शब्द बोलणार नाही."

मीनलने किल्ली माझ्याकडे सरकवली. "गुरुवारपर्यंत," म्हणाली. शाळेत गृहपाठाला मुदत देते त्याच आवाजात.

भदौरिया मॅडमचा फोन आलेलाच होता. "दीदी, ऐसे समय में तंग करना अच्छा नहीं लगता. पर देवउठनी एकादशी से शादियों का सीज़न लगने वाला है और एक पूरी शादी उसी में अटकी पड़ी है. लड़की विदा होकर चली गई, फोटो अभी तक मायके नहीं पहुँचे." मी म्हटलं, हो जाएगा. काउंटरवर अकरा वर्षं हेच म्हणत आले होते. या वेळी म्हणताना सवयीने मागच्या टेबलाकडे वळून पाहिलं, आणि मागे तू नव्हतास.

सोमवारी मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. यंदा रॅमचे भाव इतके चढलेत की नवी पाकिटं फोडताना हात अडखळतो, पण फोडली. चारही पट्ट्या नव्या. वर पॉवर सप्लायसुद्धा बदलला, कोण जाणे. अल्बम उघडला. वरात आली, जयमाला झाली, फेरे सुरू झाले आणि निळा पडदा.

आपल्या भांडणात माझी पद्धत इतकी स्वच्छ कधी हरली नव्हती, आणि बघायला तू नाहीस. खुर्चीकडे बघून मी मोठ्यांदा म्हटलं, "हस." मग नव्या पट्ट्या पाकिटांत परत घातल्या आणि तुझी वही काढली.

तुझं अक्षर वाईट आहे. होतं. 'पट्टी १, एकटी, स्लॉट १, पास.' 'पट्टी २, एकटी, स्लॉट १, पास.' असं पानभर. मध्येच 'गरम होतंय का? नाही.' 'ताई चिडली आहे.' हेसुद्धा लिहिलंस? ते कोणत्या तपासणीत धरायचं? आणि शनिवारच्या तारखेखाली शेवटची ओळ, 'पट्ट्या निर्दोष. सोमवारी स्लॉट, एकापासून.'

एवढंच शिल्लक होतं, अवी. तू सगळ्या पट्ट्या पहिल्या स्लॉटमध्ये लावून निर्दोष ठरवल्या होत्यास. आता पट्टी तीच ठेवून स्लॉट बदलायचे होते. चुकलेला नव्हतास तू, वाटेत होतास. मी टोचत होते तेव्हा तू शेवटच्या पायरीवर उभा होतास.

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं. पट्टी हातात घेण्याआधी तू दर वेळी शटरच्या लोखंडाला हात लावायचास, अंगातली वीज उतरते म्हणून, आणि मी विचारायचे की शटरला नमस्कार कशाला. मी हात लावला. लोखंड गार होतं. पट्टी कडांना धरून उचलली, तू शिकवलंस तशी, दातांना बोट न लावता. स्लॉट एकमध्ये बसवली, दोन्ही खटके वाजेपर्यंत दाबली. पेन ड्राइव्ह लावला. एका तपासणीला सव्वा तास लागतो आणि त्या सव्वा तासात काही करण्यासारखं नसतं, पडद्यावर आकडे धावतात ते बघत बसायचं. मला बसवत नाही हे तुला माहीत आहे. मी बसले. स्लॉट एक, पास. लिहिलं. दोन, पास. लिहिलं.

तीन. सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच लाल ओळी. एक, चार, मग पडदाभर.

माझी जुनी सवय म्हणाली, सापडलं. तुझी वही म्हणाली, दुसरी पट्टी लावून बघ. लावली. लाल. तिसरी लावली. लाल. मग चौथ्या स्लॉटमध्ये त्याच पट्ट्या लावल्या आणि सगळ्या पास. बुधवारी दुपारपर्यंत वहीचं पान भरलं होतं आणि त्यावर एकच गोष्ट निर्विवाद होती. तिसरा स्लॉट वाईट.

आता ऐक, खरी परीक्षा पुढे होती. मी तिसरा स्लॉट रिकामा ठेवला, उरलेल्या तिन्हींत पट्ट्या लावल्या आणि अल्बम उघडला. जरा रेंगाळत, पण वरातीपासून विदाईपर्यंत पूर्ण चालला. मशीन चाललं, अवी. गुरुवारच्या एक दिवस आधी. झाकण लावायचं, मॅडमना फोन करायचा, किल्ली पर्समध्ये टाकायची. अकरा वर्षं मी हेच तर म्हणत होते, चाललं म्हणजे झालं.

पेचकस हातात होता. दोन स्क्रू लावलेसुद्धा. तिसरा लावताना हात थांबला. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी याच तिसऱ्या स्लॉटमध्ये पट्टी होती आणि चार फेऱ्यांत एकही लाल ओळ नव्हती. तू लिहून ठेवलं होतंस. एका दिवसात चांगला स्लॉट मेला कसा? का?

हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून विचारला असेल. स्क्रू परत काढले, मोबाइलचा दिवा लावला, आणि मीनलकडे पेपर तपासायचं भिंग असतं ते मागवून घेतलं. स्लॉट बोटभर लांबीची चिरच ती, आत दोन्ही बाजूंना बारीक पिना. एका टोकाला, अगदी तळाशी, काहीतरी लालसर. सुईने हळू उचकटलं तर बाहेर आलं.

अर्धा तांदूळ. कुंकू लावलेला.

आणि मला तुझा आवाज ऐकू आला. ऐकू आला म्हणजे आठवला, मला भास वगैरे होत नाहीत. पूजेच्या वेळी मी अक्षतांची मूठ उचलली तेव्हा तू म्हणाला होतास, "ताई, थांब, झाकण लावू दे." आणि मी म्हटलं होतं, "दोन मिनिटांचं काम आहे, देवाला काय झाकणाआडून दाखवायचं?" टेबलावर ते मशीन आडवं होतं, उघडं. तिसऱ्या स्लॉटमधली पट्टी ताटात, म्हणून तो एकटाच रिकामा. एक दाणा गेला असेल आत. तू वरून पट्टी दाबलीस, दाणा तुटला, अर्धा तळाशी राहिला. खटका लागत होता, पट्टी बसल्यासारखी दिसत होती, पण एका टोकाला केसभर वर. दिसणार कसं?

तुझ्या हाताला सगळं कळत होतं. तुझं निदान बरोबर होतं, काम बरोबर होतं, नोंद बरोबर होती. त्यावर मूठभर तांदूळ मी टाकले आणि वर आठ दिवस मीच तुला बोलत राहिले. तू तसाच गेलास, आपलाच हात चुकतोय असं समजून.

रडले. खोटं कशाला सांगू. शटर अर्धं खाली ओढलं आणि पाच-सात मिनिटं रडले. राठौरजींनी बाहेरून विचारलं, "दीदी, चाय भिजवा दूँ?" मी सवयीने म्हटलं, "दो." दोन आले. दोन्ही मी प्याले, फुकट कशाला घालवायचा. मग तोंड धुतलं, ब्रशने आणि स्पिरिटने स्लॉट साफ केला, तुझ्या रबराने पट्टीचे दात पुसले, शटरला हात लावला आणि चारही पट्ट्या बसवल्या. बुधवारी संध्याकाळी एक फेरी, गुरुवारी सकाळपासून तीन. चार फेऱ्या. एकही लाल ओळ नाही.

मॅडम दुपारी आल्या. मी अख्खा अल्बम त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी स्वतः पानं उलटली, मोठी केली, लहान केली, मुद्दाम आणखी दोन अल्बम शेजारी उघडले. मशीन सरळ चालत राहिलं. "अरे वाह," त्या म्हणाल्या. "क्या निकला, दीदी?"

'धूल थी' म्हणता आलं असतं. काउंटरवरच्या माणसावर भरवसा पाहिजे, तुझंच म्हणणं. पण आता पुढेही मी आणि मागेही मीच.

"चावल निकला," मी म्हटलं. "पूजा का. मैंने डाला था, मशीन खुली थी."

"चावल?" त्या बघत राहिल्या. "और मेरा भतीजा वायरस ढूँढ रहा था!" मग हसता हसता थांबल्या. "पर भैया ने तो कुछ और कहा था."

"क्या कहा था?"

"शनिवार को फोन आया था उनका. बोले, मैडम, देर मेरी वजह से हो रही है, दीदी पर मत बिगड़ना, वो तो रोज़ मुझे डाँटती है आपके लिए. गलती मेरे ही हाथ की है, दो दिन और दे दो."

शनिवार. म्हणजे मी तुला चष्म्याचा नंबर सांगितला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सुभेदारसाहेबांच्या वेळी निदान तुला माहीत तरी होतं की मोडलं कोणी. या वेळी तर माहीतही नव्हतं, तरी तू स्वतःच्या नावावर घेतलंस.

"नहीं," मी म्हटलं. "उनके हाथ की नहीं थी. उनका काम दशहरे से पहले पूरा हो चुका था. गलती मेरी थी." तीन वाक्यं. काउंटरवर उभी राहून, मोठ्या आवाजात. राठौरजींच्या दुकानातल्या दोघा गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. वळवू देत.

मॅडम मशीन घेऊन गेल्या. मी वही उघडली आणि तुझ्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'स्लॉट ३. कारण, अक्षतेचा अर्धा दाणा, पूजेत पडलेला. पट्ट्यांचं निदान पहिल्या वेळीच बरोबर होतं. चूक, ताईच्या हातून.' खाली तारीख घातली. माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे, म्हणून वाचायला अडचण येणार नाही.

संध्याकाळी किल्ली मीनलसमोर ठेवली आणि वही तिला वाचायला दिली, ते पान, सगळं, 'ताई चिडली आहे' पासून. ती वाचत असताना मी तिला तुझा शुक्रवारचा प्रश्न सांगितला आणि माझं उत्तरही. तिने वही मिटली. मग किल्ली उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "रबरं संपली की सांगा. शाळेतून आणते."

पुढच्या खंडेनवमीला ताट मांडणार आहे. अक्षताही टाकणार, त्यात मी मागे हटणार नाही, तू कितीही हट्ट केला असतास तरी. फक्त आधी सगळी झाकणं लावीन, स्क्रूसकट.

आता ठेवते. दारात सहा मशीनं साचली आहेत. पहिलं सुरूच होत नाही, नुसते तीन लांब बीप देतंय, म्हणजे रॅमचीच तक्रार. आजच दुसरी रॅम घालून देऊन टाकता येईल. पण आधी ही काढून, पुसून, त्याच स्लॉटमध्ये परत लावून बघते. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. एकेक करून.